करार दोघांचा, मरण तिसऱ्याचें

सैनिक आणि भाडोत्री हत्यारबंद रक्षक या दोहोंत फरक कोणता? दोघांच्याहि खांद्यावर बंदूक असते, दोघेहि पगार घेतात आणि प्रसंग पडला तर दोघेहि गोळी झाडतात. फरक शोधावयाचा तर बंदूक धरणाऱ्याच्या मागें कोण उभें आहे हें पाहावें लागतें. सैनिकाच्या मागें त्याचा अधिकारी असतो, अधिकाऱ्याच्या मागें सेनापति, सेनापतीच्या मागें सरकार आणि सरकारच्या मागें, निदान लोकशाही देशांत, ज्यांच्या मतांवर तें सरकार आलें ते नागरिक. सैनिकानें निरपराध माणसास मारलें तर त्याला लष्करी न्यायालयापुढें उभें करतां येतें. ही साखळी पुष्कळदां गंजलेली असते, क्वचित् जाणूनबुजून तोडलीहि जाते. परंतु ती आहे हें कोणी नाकारीत नाहीं.

कंपनीच्या पगारावर परक्या देशांत बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट निराळी. त्याला कंपनीनें नेमलेलें असतें, कंपनीला कोणत्या तरी सरकारी खात्यानें कंत्राट दिलेलें असतें, आणि गोळी मात्र तिसऱ्याच देशाच्या भूमीवर झाडली जाते. कंत्राट म्हणजे दोन पक्षांमधील करार. काम काय, दाम किती, कसूर झाल्यास दंड कोणता, हें सारें त्यांत लिहिलेलें असतें. ज्या रस्त्यावरून हा रक्षक जाणार त्या रस्त्यानें चालणाऱ्या वाटसरूचें नांव मात्र त्यांत कोठेंहि नसतें. त्या वाटसरूस गोळी लागली तर जाब कोणी द्यावयाचा, हा या विषयांतील मुख्य प्रश्न आहे.

भाडोत्री सैन्य ही कांहीं नवी वस्तु नव्हे. इटलींतील नगरराज्यें पंधराव्या शतकांत रीतसर करार करून सेनानायक भाड्यानें घेत असत. ईस्ट इंडिया कंपनीनें तर भागधारकांच्या भांडवलावर फौज बाळगून हिंदुस्थानांत राज्य मिळविलें, आणि १८५८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें तो कारभार तिच्या हातून काढून घेतला. पुढें दीर्घकाळ युद्ध हें सरकारचेंच काम मानलें गेलें. १९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडला, शीतयुद्ध संपलें, मोठमोठीं सैन्यें कमी करण्यांत आलीं आणि कवायत शिकलेले हजारों लोक मोकळे झाले. दक्षिण आफ्रिकेंतील एक्झिक्युटिव्ह औटकम्स या कंपनीनें १९९३ पासून अंगोलाच्या आणि १९९५ पासून सिएरा लिओनच्या सरकारासाठीं प्रत्यक्ष लढाया केल्या. त्यानंतर मार्च २००३ मध्यें अमेरिकेनें इराकवर स्वारी केली, तेव्हां या धंद्याला अपूर्व बहर आला. सन २००८ मध्यें इराकांत अमेरिकन संरक्षण खात्याच्या कंत्राटांवर काम करणारीं माणसें दीड लाखाहून अधिक होतीं. म्हणजे प्रत्यक्ष सैनिकांच्या संख्येशीं तीं जवळजवळ बरोबरी करीत होतीं. त्यांतील बहुतेक स्वयंपाकी, मोटारहांके, दुभाषे आणि कारागीर होते. हत्यारी रक्षक थोडे होते. परंतु जबाबदारीचा प्रश्न उभा राहिला तो मुख्यतः या थोड्यांमुळें.

उत्तर कॅरोलायना संस्थानांत १९९७ सालीं स्थापन झालेली ब्लॅकवॉटर ही अशीच एक कंपनी. तिचे संस्थापक एरिक प्रिन्स हे अमेरिकन आरमारांतील माजी अधिकारी. इराकमधील अमेरिकन वकिलातीच्या अधिकाऱ्यांचें रक्षण करण्याचें कंत्राट परराष्ट्र खात्यानें या कंपनीस दिलें होतें. अमेरिकन कायदेमंडळाच्या एका समितीनें ऑक्टोबर २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें एका रक्षकाच्या एका दिवसाच्या कामाबद्दल कंपनी सरकारास १,२२२ डॉलर आकारीत असे. २००५ पासून तिच्या माणसांनीं बंदूक चालविल्याचे १९५ प्रसंग नोंदले गेले होते, आणि त्यांतील १६३ प्रसंगीं पहिली गोळी त्यांचीच होती. त्याच महिन्यांत प्रिन्स यांनीं समितीपुढें साक्ष दिली आणि ज्यांच्या रक्षणाचें काम कंपनीकडे होतें त्यांपैकीं एकहि माणूस दगावला नाहीं, हें अभिमानानें सांगितलें. कराराच्या दृष्टीनें पाहतां काम चोख झालें होतें.

हें काम कसें चोख होत असे, तें त्यापूर्वींच्या महिन्यांत जगानें पाहिलें होतें. ता. १६ सप्टेंबर २००७ रोजीं बगदाद शहरांत एका अमेरिकन अधिकाऱ्याची बैठक चालू असलेल्या जागेजवळ मोटारबाँबचा स्फोट झाला. त्या अधिकाऱ्याच्या परतीची वाट मोकळी ठेवावी म्हणून ब्लॅकवॉटरच्या चार चिलखती गाड्या निसूर नांवाच्या रहदारीच्या चौकांत येऊन उभ्या राहिल्या. गाड्यांत १९ माणसें होतीं. चौकांतील वाहनें थांबविण्यांत आलीं. त्यांत एक पांढरी किया मोटार होती. ती चालविणारा तरुण वैद्यकीचा विद्यार्थी होता. सोबत त्याची आई होती आणि ती स्वतः डॉक्टर होती. पहिल्या गोळ्या या मोटारीवर आल्या. मग मशीनगनी सुरू झाल्या, स्फोटक गोळेहि फेंकण्यांत आले, आणि जीं माणसें वाहनें वळवून पळूं लागलीं त्यांनाहि गोळ्या लागल्या. थोड्याच वेळांत १७ इराकी नागरिक प्राणास मुकले आणि सुमारें २० जखमी झाले. मृतांत बापाच्या मोटारींत बसलेला नऊ वर्षांचा एक मुलगा होता. कुंपणानें शेत खाल्ल्याची म्हण मराठींत आहे. येथें कुंपणानें आपलें शेत नीट राखलें आणि शेजाऱ्याचें खाल्लें.

रक्षकांची बाजूहि ऐकली पाहिजे. ती पांढरी मोटार म्हणजे चालता बाँब आहे असें आपणांस वाटलें आणि आपणांवर गोळीबार झाला, असें त्यांचें म्हणणें होतें. बगदादमधील त्या काळचें भय कल्पित नव्हतें. ता. ३१ मार्च २००४ रोजीं फलुजा शहरांत याच कंपनीच्या चार माणसांस जमावानें ठार मारून त्यांतील दोघांचीं जळालेलीं प्रेतें पुलावर टांगलीं होतीं. अशा मृतांची गणना सैन्याच्या अधिकृत मृतांत होत नाहीं, त्यामुळें युद्धाची खरी किंमत देशाच्या डोळ्यांआड राहते, हाहि या पद्धतीचा एक दोष. तथापि भय खरें कीं खोटें, आणि त्या भयापायीं केलेलें कृत्य क्षम्य कीं अक्षम्य, हें ठरविण्याचें स्थान न्यायालय होय. इराकच्या सरकारनें केलेल्या चौकशींत रक्षकांना कोणी चिथविलें नव्हतें असें ठरलें. एफ. बी. आय. या अमेरिकेच्या तपाससंस्थेनें १७ पैकीं किमान १४ मृत्यु असमर्थनीय ठरविले. मग खटला कोठें भरावयाचा?

पहिलें उत्तर उघड आहे. ज्या देशांत गुन्हा घडला त्या देशांत. परंतु तें दार आधींच बंद झालेलें होतें. बगदादमधील अमेरिकन प्रशासक पॉल ब्रेमर यांनीं ता. २७ जून २००४ रोजीं, म्हणजे इराकी सरकारच्या हातीं सत्ता देण्याच्या आदल्या दिवशीं, आपला १७ वा हुकूम सुधारून काढला. कंत्राटाला अनुसरून केलेल्या कृत्यांबद्दल परक्या कंत्राटदारांवर इराकी न्यायालयांत कारवाई चालणार नाहीं, असें त्या हुकुमानें ठरविलें. पाहुण्यानें घर सोडतांना यजमानाच्या कुलुपाची किल्ली बरोबर न्यावी, तसा हा प्रकार झाला. डिसेंबर २००६ मध्यें ब्लॅकवॉटरच्या एका नोकरानें दारूच्या नशेंत इराकच्या एका उपाध्यक्षाच्या रक्षकास गोळी घालून ठार केलें, तेव्हां त्या नोकरास विमानानें देशाबाहेर पाठविण्यांत आलें आणि त्याच्यावर खटला झाला नाहीं. हें संरक्षण संपलें तें १ जानेवारी २००९ रोजीं, दोन्ही देशांमधील नवा करार अमलांत आल्यावर.

दुसरें दार अमेरिकेच्या न्यायालयाचें. देशाच्या सीमेबाहेर सैन्याच्या सोबत असलेल्या नागरिकांनीं केलेल्या गुन्ह्यांसाठीं अमेरिकेंत २००० सालीं एक कायदा झाला होता. २००४ सालीं तो वाढवून इतर खात्यांच्या कंत्राटदारांनाहि लागू करण्यांत आला. परंतु त्यांचें काम संरक्षण खात्याच्या कार्याला साहाय्यभूत असलें पाहिजे, अशी अट घातली गेली. येथें बचावाच्या वकिलांस फट सांपडली. ब्लॅकवॉटरचें कंत्राट परराष्ट्र खात्याचें होतें; राजदूतांस सांभाळणें हें सैन्याचें काम कसें, असा त्यांचा प्रश्न होता. एकाच सरकारच्या दोन खात्यांमधील भिंतीचा आडोसा घेऊन मनुष्यवधाच्या खटल्याचा पायाच उखडण्याचा तो प्रयत्न होता.

तिसरी अडचण पुराव्याची. घटना घडल्यावर लगेच परराष्ट्र खात्याच्या तपासनिसांनीं रक्षकांकडून लेखी जबान्या घेतल्या आणि या जबान्या फौजदारी खटल्यांत तुमच्याविरुद्ध वापरल्या जाणार नाहींत, असें अभय त्यांस दिलें. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणें कोणासहि स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडतां येत नाहीं. नोकरी जाण्याच्या धाकानें घेतलेली जबानी ही सक्तीची ठरते, आणि तिच्या आधारानें गोळा केलेला पुरावाहि दूषित होतो. डिसेंबर २००८ मध्यें पांच जणांवर आरोप ठेवण्यांत आले आणि सहाव्यानें गुन्हा कबूल केला. परंतु ता. ३१ डिसेंबर २००९ रोजीं न्यायाधीश रिकार्डो अर्बिना यांनीं, सरकारी वकिलांनीं याच जबान्यांचा उपयोग केला म्हणून, सारे आरोप काढून टाकले. यांत न्यायाधीशांचा दोष नव्हता. आरोपीच्या हक्कांचें रक्षण करणें हें त्यांचें कर्तव्यच होतें. चूक झाली होती ती पहिल्या कांहीं दिवसांत. कंत्राट देणाऱ्या खात्यानेंच पहिली चौकशी केली, आणि आपल्याच रक्षकांस अभय देऊन ती केली.

अमेरिकन सरकारनें मात्र प्रकरण सोडलें नाहीं, हें त्याच्या पदरीं बांधलें पाहिजे. तत्कालीन उपाध्यक्ष जो बायडेन यांनीं जानेवारी २०१० मध्यें बगदादला जाऊन अपील करण्याचें वचन दिलें; एप्रिल २०११ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें खटला पुन्हां उभा केला. एका आरोपीवरील आरोप मागें घेण्यांत आले आणि उरलेल्या चौघांचा खटला २०१४ सालीं न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांच्यापुढें चालला. साक्ष देण्यासाठीं सुमारें तीस इराकी माणसें समुद्र ओलांडून वॉशिंग्टनला आलीं. त्यांत गोळीबारांतून वांचलेले होते, मेलेल्यांचे आप्त होते. ज्या कराराशीं त्यांचा कांहींएक संबंध नव्हता, त्या करारापायीं जें घडलें तें त्यांनीं ज्यूरीपुढें शपथेवर सांगितलें. ता. २२ ऑक्टोबर २०१४ रोजीं ज्यूरीनें चौघांनाहि दोषी ठरविलें. एकास खुनाबद्दल, तिघांस सदोष मनुष्यवध व इतर गुन्ह्यांबद्दल. एप्रिल २०१५ मध्यें पहिल्यास जन्मठेप आणि इतरांस प्रत्येकीं तीस वर्षांची शिक्षा झाली. अपिलांत २०१७ सालीं तीस वर्षांच्या शिक्षा अवाजवी ठरल्या आणि खुनाचा खटला पुन्हां चालविण्याची आज्ञा झाली. एका ज्यूरीचें एकमत झालें नाहीं. डिसेंबर २०१८ मध्यें दुसरीनें पुन्हां दोषी ठरविलें. २०१९ सालीं जन्मठेप कायम झाली आणि इतर तिघांच्या शिक्षा बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान निश्चित झाल्या. न्यायाचें गाडें बारा वर्षें खडकाळ वाटेनें चाललें, पण अखेर मुक्कामास पोंचलें, असें त्या वर्षीं वाटलें.

पुढच्याच वर्षीं, ता. २२ डिसेंबर २०२० रोजीं, अध्यक्ष डोनल्ड ट्रंप यांनीं चौघांनाहि संपूर्ण माफी दिली. माफीचा हा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेनेंच अध्यक्षांस दिलेला असल्यामुळें त्यावर अपील नाहीं. भाडोत्री सैनिकांविषयींच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीं त्याच महिन्यांत, ही माफी आंतरराष्ट्रीय कायद्याखालील अमेरिकेच्या कर्तव्यांचा भंग करणारी आहे, असें जाहीर केलें. पण तोंवर तुरुंगाचीं दारें उघडलीं होतीं. तीस साक्षीदारांनीं जें उभें केलें तें एका सहीनें खालीं आलें.

आणि कंपनीचें काय झालें? जानेवारी २००९ मध्यें इराकच्या सरकारनें तिला परवाना नाकारला. त्याच वर्षीं तिनें आपलें नांव बदललें आणि २०११ सालीं पुन्हां बदललें. मृतांच्या व जखमींच्या वतीनें लावलेले दिवाणी दावे जानेवारी २०१० मध्यें तडजोडीनें मिटले. शस्त्रांच्या निर्यातीचे नियम मोडणें इत्यादि आरोपांबद्दल ७५ लाख डॉलर दंड भरण्याचें तिनें २०१२ सालीं कबूल केलें. निसूर चौकांतील मृत्यूंबद्दल मात्र कंपनी म्हणून तिच्यावर फौजदारी खटला झाला नाहीं. कागदांची निर्यात चुकली तर कंपनी गुन्हेगार, माणसें मेलीं तर तिचे नोकर गुन्हेगार, असा याचा अर्थ होतो.

अबू ग्रैब तुरुंगाची हकीकतहि हेंच सांगते. तेथें २००३-०४ सालीं कैद्यांचा जो अमानुष छळ झाला त्याबद्दल अकरा अमेरिकन सैनिक लष्करी न्यायालयांत दोषी ठरले. चौकशीच्या कामावर कंपन्यांचीं माणसेंहि होतीं. त्यांच्यापैकीं कोणावरहि फौजदारी खटला झाला नाहीं. तीन इराकी कैद्यांनीं सी. ए. सी. आय. या कंपनीवर २००८ सालीं दिवाणी दावा लावला. दावा ऐकून घ्यावा कीं नाहीं यावरच वर्षानुवर्षें वाद चालला. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्यें व्हर्जिनियांतील ज्यूरीनें त्यांस ४ कोटि २० लाख डॉलर भरपाई द्यावी असा निकाल दिला. आरोप नाकारीत कंपनी अपिलास गेली. एकाच तुरुंगांत, एकाच प्रकारच्या कृत्यांसाठीं, गणवेशधाऱ्यास कांहीं महिन्यांत शिक्षा आणि पगारी माणसाच्या कंपनीस सोळा वर्षांनीं प्रश्न, इतकें हें अंतर आहे.

मग आंतरराष्ट्रीय कायदा कोठें आहे? तो आहे, पण त्याचें माप या माणसांच्या अंगास बसत नाहीं. जिनीव्हा करारांच्या १९७७ सालच्या पहिल्या पुरवणी कराराच्या ४७ व्या कलमांत भाडोत्री सैनिकाची व्याख्या केलेली आहे. तींत सहा अटी आहेत आणि त्या सर्व एकाच वेळीं पुऱ्या व्हाव्या लागतात. त्यांतील एक अट अशी कीं, तो युद्धांतील कोणत्याहि पक्षाचा नागरिक नसावा. अमेरिकन वकिलातीचें रक्षण करणारा अमेरिकन नागरिक येथेंच व्याख्येंतून निसटतो. संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ सालीं भाडोत्री सैनिकांविरुद्ध स्वतंत्र करार संमत केला. पण ज्या देशांचीं कंत्राटें मोठीं ते अमेरिका, ब्रिटन आणि रशिया त्यांत सामील झाले नाहींत. सप्टेंबर २००८ मध्यें स्वित्झर्लंड आणि रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिति यांच्या पुढाकारानें मोंत्रो दस्तऐवज तयार झाला. कंत्राट देणारा देश, ज्या भूमीवर काम चालतें तो देश आणि जेथें कंपनीची नोंदणी आहे तो देश, या तिघांचीं कर्तव्यें त्यांत निरनिराळीं मांडलीं आहेत. प्रारंभीं १७ देशांनीं त्यास पाठिंबा दिला. त्यांत अमेरिकाहि होती आणि इराकहि. २०१० सालीं ५८ कंपन्यांनीं एका आचारसंहितेवर सह्या केल्या. हे प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु मोंत्रोचा दस्तऐवज कायद्यानें बंधनकारक नाहीं, आणि आचारसंहिता मोडणाऱ्यास ती तुरुंगांत पाठवूं शकत नाहीं.

हा दोष एकट्या अमेरिकेचा समजणें चूक होईल. तेथें निदान खटला उभा राहिला. रशियाच्या दंडसंहितेच्या ३५९ व्या कलमाप्रमाणें भाडोत्री सैनिक होणें हा गुन्हा आहे. असें असतां वॅगनर या टोळीनें युक्रेन, सीरिया आणि आफ्रिकेंतील अनेक देशांत वर्षानुवर्षें बंदूक चालविली, आणि तिच्याशीं आपला संबंध नाहीं असें रशियाचें सरकार सांगत राहिलें. मार्च २०२२ मध्यें माली देशांतील मौरा गांवीं माली सैन्यानें आणि त्याच्या सोबतच्या परकी हत्यारबंदांनीं किमान ५०० माणसें मारल्याचा अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कचेरीनें मे २०२३ मध्यें दिला. पुढच्याच महिन्यांत वॅगनरनें आपल्या धन्यावरच बंड केलें, तेव्हां अध्यक्ष पुतिन यांनीं या टोळीचा सारा खर्च सरकारच करीत होतें, हें जाहीरपणें सांगितलें. संबंध कबूल झाला तो बंडामुळें; मौरा गांवच्या मृतांमुळें नव्हे.

या सर्व प्रकरणांतून कांहीं साध्या गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, गुन्हा घडल्यावर न्यायालय शोधूं लागणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. कोणत्या न्यायालयापुढें जाब द्यावा लागेल, हें बंदूक हातीं देण्यापूर्वींच कायद्यानें ठरलें पाहिजे. आणि कंत्राट कोणत्या खात्याचें यावर तें अवलंबून असतां कामा नये. ही फट बुजविणारा मसुदा अमेरिकेच्या कायदेमंडळांत अनेकदां मांडण्यांत आला, पण त्याचा कायदा झाला नाहीं. दुसरी गोष्ट, पहिली चौकशी कंत्राट देणाऱ्या खात्याकडे नसावी. तिसरी, पुरावा आपोआप राहील अशी व्यवस्था हवी. निसूर चौकानंतर अमेरिकन परराष्ट्र खात्यानें रक्षकांच्या गाड्यांवर चित्रग्राहक यंत्रें बसविण्याचा आणि प्रत्येक ताफ्यासोबत स्वतःचा अधिकारी पाठविण्याचा हुकूम काढला. उपाय अवघड नव्हता. सतरा माणसें मरेपर्यंत तो सुचला नव्हता इतकेंच. चौथी गोष्ट, नोकराच्या कृत्याचा भार कंपनीवरहि पडला पाहिजे. नाहीं तर नांवाची पाटी बदलून दुकान पूर्ववत् चालतें.

आणि हें सारें केल्यावरहि माफीची एक सही उरतेच. तिला उत्तर कायद्याच्या पुस्तकांत नाहीं. ज्या देशाच्या पैशानें बंदूक भाड्यानें घेतली जाते त्या देशाच्या नागरिकांनीं, त्या बंदुकीनें कोण मेलें हें विचारीत राहिलें पाहिजे. सैनिक मेला तर त्याची शवपेटी गांवांत येते, वर्तमानपत्रांत नांव छापलें जातें, आणि मग प्रश्न आपोआप विचारला जातो. भाडोत्री माणूस मेला किंवा त्यानें मारलें, तर फक्त हिशेबाच्या वहींत एक रक्कम वाढते. युद्ध भाड्यानें देण्याचा मोह सरकारांना पडतो तो स्वस्ताईमुळें कितपत, हा वादाचा विषय आहे. पण या शांततेमुळें तो पडतो, यांत संशय नाहीं. निसूर चौकांतील त्या नऊ वर्षांच्या मुलाचें नांव कोणत्याहि करारांत नव्हतें. न्यायालयाच्या कागदांत तें आलें, तें त्याच्या बापानें आणि इतरांनीं सात वर्षें वाट पाहून, परक्या देशांत जाऊन, परक्या न्यायाधीशापुढें तोंड उघडलें म्हणून. शिक्षा पुसल्या गेल्या. ती साक्ष पुसली गेलेली नाहीं.